तोच नट पुन्हा पुन्हा सैल होतोय? आणखी आवळण्याआधी एक रेघ मारा

नट सैल झाला की आपण पाना घेतो आणि मागच्या वेळेपेक्षा थोडं जास्त आवळतो. मीही सहा महिने तेच केलं. मोटरसायकलच्या मागच्या फूटरेस्टचा ब्रॅकेट, ज्याला सायलेन्सरही टांगलेला असतो, तो दोन एम८, म्हणजे आठ मिलिमीटर व्यासाच्या, बोल्टवर बसतो. त्यातला वरचा बोल्ट दर तीन-चारशे किलोमीटरला इतका सैल व्हायचा की नट बोटांनी फिरे. खालचा मात्र जागचा हलत नव्हता.

पहिल्या वेळी मी तो नुसता आवळला. दुसऱ्या वेळी स्प्रिंग वॉशर टाकला. तिसऱ्या वेळी निळा थ्रेड लॉकर, म्हणजे आटे चिकटवणारा द्रव, लावला आणि लांब दांड्याच्या पान्याने हात दुखेपर्यंत पिळला. तेव्हा सहाशे किलोमीटर टिकला, म्हणून मला वाटलं जमलं. मग एके दिवशी बोल्टचं डोकंच रस्त्यात कुठेतरी पडलं आणि सायलेन्सर लोंबकळत घरी आला. ज्याला दाखवला तो म्हणाला, "जास्त आवळला म्हणून तुटला." मलाही ते पटलं. पण ते खरं नव्हतं, आणि हे मला त्या तुटलेल्या तुकड्यानेच सांगितलं.

तुटलेलं तोंड वाचता येतं

तुमचा बोल्ट तुटला असेल तर तुकडा फेकू नका. उजेडात धरून त्याचं तोंड पाहा. जास्त पिळून तुटलेला बोल्ट तुटण्याआधी ताणला जातो. तुटण्याच्या जागी तो कमरेसारखा बारीक होतो आणि तोंड सगळीकडे खरखरीत, पीळ पडल्यासारखं दिसतं. आटेही लांबलेले असतात. त्याच मापाचा नवा बोल्ट शेजारी ठेवून आट्यात आटा बसवून पाहा. चांगला असेल तर दोघं कंगव्यात कंगवा घातल्यासारखे बसतील. ताणलेला असेल तर दोन-चार आट्यांनंतर आटे जुळत नाहीत आणि मधून उजेड दिसतो.

माझ्या बोल्टचं तोंड वेगळं होतं. कुठेही बारीक झालेला नव्हता. तोंडाचा तीन चतुर्थांश भाग गुळगुळीत आणि काळसर, त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेघा. खरखरीत आणि चकचकीत भाग फक्त एका कडेला. ही थकव्याची खूण. एका बाजूला बारीक चीर पडते, प्रत्येक हिसक्याला ती थोडी पुढे सरकते, आणि उरलेलं धातू पुरेनासं झालं की शेवटचा तुकडा एकदम तुटतो. नीट ताणलेल्या बोल्टला हे सहसा होत नाही. दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबलेले असले की हिसके ते भाग आपसात वाटून घेतात आणि बोल्टपर्यंत त्यातला थोडाच अंश पोहोचतो. दाब गेला की सगळा मार बोल्टवर येतो. म्हणजे माझा बोल्ट सैल राहून तुटला होता. मी दर वेळी जीव खाऊन आवळत होतो आणि तो बहुतेक वेळ सैलच फिरत होता.

मग प्रश्न असा पडतो की आवळल्यावर सैल झाला कसा.

रेघेची चाचणी

यासाठी कुठलंही महागडं साधन लागत नाही. बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराला, आवळा. मग पांढऱ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा, नटाच्या कडेवरून सुरू होऊन शेजारच्या पत्र्यावर उतरेल अशी. दोन्हीवर रंग नीट लागला पाहिजे. बोल्टच्या डोक्याकडेही तशीच एक. शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवा आणि पुन्हा पाहा.

सैल झाला असेल तर आता दोनच शक्यता आहेत. रेघ तुटली असेल, म्हणजे नटावरचा तुकडा पत्र्यावरच्या तुकड्यापासून सरकला असेल, तर नट खरंच फिरला. पण रेघ सरळ आहे आणि तरीही टॉर्क रेंच (ठरलेल्या टॉर्कला खट् वाजणारा पाना) लावल्यावर नट ठरलेल्या आकड्याच्या कितीतरी आधीच पुढे फिरू लागतो, तर नट जागच्या जागी राहून आतला ताण निघून गेला. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, "सैल झाला". आजार मात्र दोन वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. थ्रेड लॉकर नटाला फिरू देत नाही, पण न फिरताच निघून गेलेला ताण तो परत आणू शकत नाही.

माझी रेघ दीडशे किलोमीटरनंतर सरळ होती. टॉर्क मात्र निम्माही उरला नव्हता. तीनशेनंतर रेघ तुटली. क्रम लक्षात घ्या: आधी ताण गेला, मग नट फिरला. तीनशेनंतरच पाहिलं असतं तर मी दोष फिरण्याला दिला असता आणि आणखी कडक लॉकर आणायला गेलो असतो.

न फिरता ताण जातो कसा

बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. नट फिरवतो तेव्हा आपण बोल्ट लांब करत असतो. तो परत आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. आपल्याला हवा असतो तो हा दाब. टॉर्क हा फक्त तिथवर पोहोचायचा मार्ग.

ही ओढ किती आणि लांबणं किती, याचा हिशोब मी कागदावर करून पाहिला आणि तिथेच उत्तर सापडलं. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये या बोल्टला २३ न्यूटन-मीटर टॉर्क दिला आहे. कोरड्या आट्यांवर एम८ बोल्टमध्ये त्याने साधारण १४ किलोन्यूटन ताण येतो, म्हणजे जवळजवळ १,४०० किलोचं वजन टांगल्याइतका. ऐकायला प्रचंड. पण माझ्या ब्रॅकेटची जाडी आणि चॅसीच्या कानाची, म्हणजे बोल्टसाठी बाहेर आलेल्या पट्टीची, जाडी मिळून १२ मिलिमीटर. डोक्यातला आणि नटातला थोडा भाग धरला तरी ताणली जाणारी लांबी १८ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या आखूड बोल्टला १४ किलोन्यूटनने ताणलं तर तो लांबतो जेमतेम ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ३५ हजारावे भाग. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या घरात असते. म्हणजे ती १,४०० किलोची पकड अर्ध्या केसावर उभी होती. मधले थर तेवढे चेपले की पकड शून्य.

आणि सहा महिन्यांपूर्वी मी काय केलं होतं? गंज आला म्हणून ब्रॅकेट आणि चॅसी, दोन्हींना पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग, करून घेतलं होतं.

पावडर कोटिंगचा एक थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. बोल्टच्या डोक्याखाली एक, ब्रॅकेटच्या मागे एक, चॅसीच्या कानावर पुढून एक, नटाखाली एक, असे चार थर. तो थर प्लॅस्टिकच असतो, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि सायलेन्सरच्या शेजारी तापला की आणखीच लवकर. चार थर मिळून तीनशे मायक्रॉन धरले आणि ते फक्त दहा-बारा टक्के चेपले, तरी ३५ मायक्रॉन गेले. मी जितका जोरात आवळत होतो तितका रंग जोरात चेपला जात होता आणि पुढे चेपायला कमी उरत होता, म्हणूनच तिसऱ्या वेळी तो जरा जास्त टिकला. खालचा बोल्ट का सैल होत नव्हता, तेही मग कळलं. तो कानातून आरपार जाऊन पलीकडच्या लांब नळीतून येतो, ताणली जाणारी लांबी पन्नास मिलिमीटरच्या वर. तेवढा बोल्ट त्याच टॉर्कला जवळपास तिप्पट लांबतो, त्यामुळे रंग चेपला तरी बरीच ओढ शिल्लक राहते.

तुमच्याकडे पावडर कोटिंग नसेल, पण हाच आजार दुसऱ्या वेशात येतो. नट ज्यावर बसतो तिथे रंग, जाड गंज, गॅस्केटचा जुना तुकडा, वाळू, मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतलेला छोटा वॉशर, एकावर एक तीन वॉशर. जितके पृष्ठभाग जास्त तितकं चेपून बसणं जास्त. आणि एक फार हमखास प्रकार म्हणजे रबर. पेट्रोलची टाकी, प्लॅस्टिकचे पॅनेल, हॉर्न, काही गाड्यांचा मडगार्ड, यांच्या बोल्टभोवती रबरी बुश असतो आणि त्या रबरात एक छोटी लोखंडी नळी बसवलेली असते. बोल्टने त्या नळीला दाबायचं असतं, रबराला नाही. कुणीतरी एकदा खोलताना ती नळी घरंगळून जाते आणि मग तो बोल्ट आयुष्यभर सैल होत राहतो. रबर दाबून टॉर्क येतच नाही, पाना फिरतच राहतो. हे दिसलं तर लॉकर आणू नका, नळी शोधा.

उपाय असा केला. चारही ठिकाणी वॉशरच्या घेराएवढा रंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत लोखंड काढलं. गंज येऊ नये म्हणून बोल्ट आवळून झाल्यावर बाहेरून कडेने रंगाचं बोट फिरवलं, आधी नाही. डोक्याखाली आणि नटाखाली जाड, कडक वॉशर टाकला. पातळ पत्र्याचा वॉशर बशीसारखा वाकतो, तो नकोच. आणि सगळ्यात उपयोगी पडली ती २० मिलिमीटर लांबीची लोखंडी नळी. ती आतल्या बाजूला नटाखाली घातली आणि बोल्ट तेवढा लांब घेतला. आवळली जाणारी लांबी १२ वरून ३२ मिलिमीटर झाली, म्हणजे व्यासाच्या चौपट, आणि त्याच २३ न्यूटन-मीटरला बोल्ट दुपटीने लांबू लागला. नळी घालायला जागा नसेल तर निदान रंग घासा. निम्मं काम तिथेच होतं.

नवीन जोडणी कितीही स्वच्छ असली तरी पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडी बसतेच. म्हणूनच चाकं काढून लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्कला तपासायचे असतात.

रेघ तुटली असेल तर

आता दुसरा आजार. नट खरंच फिरतो तो का? बरीच वर्षं समज असा होता की बोल्ट उभ्या कंपनाने, म्हणजे त्याच्या लांबीच्या दिशेने हलल्याने सुटतो. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने दाखवलं की खरा गुन्हेगार आडवं सरकणं आहे. जोडलेले दोन भाग बोल्टच्या आडवे, एकमेकांवर अगदी थोडे जरी घसरले, तरी त्या क्षणी आट्यांमधलं घर्षण आडव्या दिशेला खर्ची पडतं, फिरणं अडवायला कुणी उरत नाही, आणि आट्याचा उतार नटाला सैल दिशेला ढकलतो. दर हिसक्याला अंशभर. युंकरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रावर आजही नट-वॉशरची परीक्षा याच पद्धतीने होते.

त्या परीक्षेत साधा तुटक स्प्रिंग वॉशर फार वाईट ठरतो. कारण समजायला सोपं आहे: नीट आवळलेल्या बोल्टच्या ओढीपुढे तो केव्हाच सपाट होऊन बसलेला असतो, त्याची स्प्रिंग शिल्लकच नसते. इतकी वर्षं आपण तो भक्तिभावाने टाकत आलो आहोत. मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तर काढू नका, पण सैल होणाऱ्या नटावर उपाय म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

मग काय करायचं? आधी घसरणं थांबवा. भोक बोल्टपेक्षा मोठं झालंय का, कान वाकलाय का, शेजारचा दुसरा बोल्ट आधीच गेलेला आहे का, रबरी माउंट फाटलाय का, ते पाहा. एका बोल्टचं ओझं दुसरा वाहत असेल तर तो सुटणारच. त्यानंतर पुरेसा ताण. घसरण नसेल आणि ताण पुरेसा असेल तर साधा नटही वर्षानुवर्षं राहतो. आणि मग वरून कुलूप हवं असेल तर नायलॉनचा नट, थ्रेड लॉकर किंवा वेज-लॉक वॉशरची जोडी.

नायलॉनचा नट इंजिनच्या किंवा सायलेन्सरच्या जवळ वापरू नका. साधारण १२० अंश सेल्सियसच्या पुढे नायलॉन नरम पडतं. आणि खोललेला नट परत लावताना नायलॉन बोल्टला पकडतंय का ते बोटांनी पाहा. शेवटपर्यंत बोटांनी गेला तर तो आता साधा नट आहे. थ्रेड लॉकर जिथे हवा पोहोचत नाही तिथे, धातूच्या संपर्कात घट्ट होतो. तेलकट आट्यांवर तो बसत नाही, हे माहीत असूनही मी तसाच लावला होता. आटे डिग्रीजरने धुवा, वाळवा, दोन-तीन थेंब टाका, आवळा आणि चोवीस तास गाडी हलवू नका. निळा साध्या पान्याने सुटतो. लाल सुटायला २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं, त्यामुळे तो लहान बोल्टला लावलात तर पुढच्या वेळी डोकंच हातात येईल. वेज-लॉक वॉशर जोडीने येतात, आतल्या बाजूला उतार असलेले. नट सुटायला लागला की ते एकमेकांवर चढतात आणि बोल्ट सैल होण्याऐवजी आणखी ताणला जातो. महाग असतात, पण जिथे खरंच घसरण टाळता येत नाही तिथे मी आता तेच वापरतो. फक्त उतार उताराला लागेल असे ठेवा. उलटे लावलेले दोनदा पाहिलेत, एकदा माझेच.

टॉर्क बरोबर दाखवतोय, पण ताण बरोबर आहे का?

इथे खूप जण फसतात. आपण नटाला जे बळ देतो त्यातलं जवळपास निम्मं डोक्याखाली किंवा नटाखाली घासण्यात जातं, चाळीसेक टक्के आट्यांत घासण्यात, आणि बोल्ट ताणायला उरतं फक्त दहाएक टक्के. म्हणून घर्षण थोडं बदललं की ताण खूप बदलतो. टॉर्क रेंच स्वतः चार टक्क्यांत अचूक असला तरी त्याने मिळणारा ताण २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो.

उदाहरण घेऊ. ८.८ दर्जाचा एम८ बोल्ट, कोरडा, २५ न्यूटन-मीटर. ताण साधारण १६ किलोन्यूटन, आदर्श. आता त्याच आट्यांना सढळ हाताने ग्रीस लावा आणि आकडा तोच ठेवा. ताण २१ किलोन्यूटनच्या आसपास जातो आणि बोल्ट कायमचा लांबायच्या उंबरठ्यावर येतो. फार निसरडं, तांब्याचं ग्रीस असेल तर ओलांडतोही. उलट गंजलेल्या, मातीने भरलेल्या आट्यांवर रेंच खट् वाजतो तेव्हा ताण निम्मासुद्धा नसतो. दोन्ही वेळा तुमचा आकडा बरोबरच असतो. म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावून, ते वाचा. काही लिहिलं नसेल तर स्वच्छ आणि कोरडे धरून चाला. डोक्यावरचा ८.८, १०.९ हा दर्जा पाहा. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटण्याचा ताण मेगापास्कलमध्ये, आणि ठिपक्यानंतरचा म्हणजे त्याचे किती दशांश झाले की बोल्ट कायमचा लांबायला लागतो ते. ८.८ म्हणजे ८०० आणि त्याच्या ऐंशी टक्के, ६४०. दर्जा न लिहिलेला बोल्ट ब्रॅकेटला लावू नका.

एककांचा गोंधळ हाही जुना रोग आहे. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. २३ हा आकडा चुकून फूट-पाउंडाच्या पट्टीवर लावलात तर ३१ न्यूटन-मीटर झाले. आणि इंच-पाउंड फूट-पाउंडाच्या बाराव्या हिश्शाचा असतो, तिथली चूक बारा पटीची.

रेंच काय काय खोटं बोलतो

खट् वाजणारा रेंच त्याच्या मापाच्या खालच्या वीस टक्क्यांत विश्वासाचा नसतो. माझ्याकडे पहिला रेंच २८ ते २१० न्यूटन-मीटरचा होता. इंजिन कव्हरच्या एम६ बोल्टला १० हवे होते. मी हुशारी केली, २८ च्या खाली अंदाजाने फिरवला आणि खट् वाजायची वाट बघत बसलो. वाजलं खरं, पण रेंच नव्हे, बोल्ट. तेव्हापासून लहान बोल्टांसाठी ५ ते २५ चा वेगळा रेंच आहे.

बाकीचं थोडक्यात. मूठ जिथे आहे तिथेच धरा, दांड्याच्या मध्यावर नाही. सावकाश, एका दमात ओढा. खट् वाजल्यावर खात्रीसाठी पुन्हा ओढू नका, त्या दुसऱ्या खटक्याने ताण वाढतो. रेंचने नट सोडवू नका. ठेवताना सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली नाही. रेंच आणि गोटी (सॉकेट) यांच्या मध्ये सरळ एक्स्टेन्शन लावल्याने आकडा बदलत नाही. पण रेंचच्या पुढे लांबी वाढवणारी पंज्यासारखी गोटी लावलीत तर बदलतो: ४०० मिलिमीटरचा रेंच आणि ५० मिलिमीटरची वाढ असेल तर २५ साठी रेंचवर २२ लावायचे. पंजा काटकोनात बसवला तर काही बदलायला नको.

आधीच आवळलेला नट तपासताना रेंच आवळण्याच्याच दिशेने हळू ओढा आणि नट हलायला लागतो तो क्षण पकडा. थांबलेल्या नटाला हलवायला थोडं जास्त बळ लागतं, त्यामुळे आकडा किंचित चढा येतो. शंका असेल तर सोडवा, आटे साफ करा आणि नव्याने आवळा.

रेंच नाही? २५ सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला सामान तोलायचा हुकाचा काटा अडकवा आणि काटकोनात ओढा. ९.४ किलो दिसले की २३ न्यूटन-मीटर झाले. ओबडधोबड आहे, पण अंगच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं. अंदाज कसा चुकतो याचा नमुना: ३० सेंटीमीटरच्या चाकपान्यावर ६५ किलोचा माणूस उभा राहिला की १९० न्यूटन-मीटर होतात. बऱ्याच लहान गाड्यांच्या चाकाच्या नटाला ९० ते १२० पुरतात. इम्पॅक्ट गनचंही तसंच. सोडवायला वापरा, शेवटचं आवळणं हाताने करा, चांदणीच्या क्रमाने, एकासमोरचा दुसरा, दोन-तीन टप्प्यांत. चाकाचा नट सतत सैल होत असेल तर नटाची बैठक चाकाला जुळते का ते आधी बघा. शंकूच्या बैठकीच्या चाकाला गोल बैठकीचा नट कडेकडेनेच टेकतो.

स्क्रू, जे आवळलेच जात नाहीत

मोटरसायकलवरच्या फुलीच्या खाचेच्या स्क्रूंचं डोकं सारखं घासलं जातं, याचं एक कारण जोर नसून ड्रायव्हर असतं. जपानी गाड्यांच्या बऱ्याच जुन्या स्क्रूंची खाच जपानी मानकाची असते, डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात पूर्ण खोल जात नाही आणि जोर लावला की वर उचलला जातो. जपानी मापाचा बिट घ्या, दाबून फिरवा, अडला तर हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर.

ॲल्युमिनियममध्ये स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा. आटा आट्याच्या तोंडाशी आला की हलकं टक् असं बसतं. मग बोटांनी सुलटा. पहिले तीन-चार आटे बोटांनी गेलेच पाहिजेत. आटे गेले असतील, म्हणजे बोल्ट टॉर्क न घेता फिरतच राहत असेल, तर मोठा बोल्ट ठोकू नका. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा, योग्य बसवलेला तो मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतो. आणि बंद तळाच्या भोकात तेल साठलेलं नाही ना ते पाहा. तेल दबत नाही. रेंच बरोबर आकडा दाखवेल आणि बोल्ट तळाच्या तेलावर टेकून बसेल, कधीकधी भोकाची भिंतही फुटते.

इंजिनच्या हेडचे बोल्ट, जिथे टॉर्कनंतर आणखी ९० अंश फिरवा असं लिहिलेलं असतं, ते वेगळं प्रकरण आहे. ते बहुतेकदा मुद्दाम कायमचे लांबवायचे असतात आणि एकदाच वापरायचे. त्यांना वरचे हिशोब लावू नका.

माझ्या ब्रॅकेटवरची नवी रेघ आता चार हजार किलोमीटर जुनी आहे. पहिल्या शंभराला तपासलं तेव्हा नट अंशभर पुढे गेला, नंतर हलला नाही. रंग घासला तिथे एका कडेला थोडा गंज दिसतोय, पुढच्या वेळी खोलेन तेव्हा तिथे झिंकचा पातळ थर देऊन बघणार आहे.